उरलेली लिंबं

उपोषणाच्या मंडपातली उरलेली वीस-बावीस लिंबं मी घरी आणली. साहेब येऊन सरबत पाजतील, ह्यांचं उपोषण सोडवतील, म्हणून मी रोज ताजी लिंबं घेऊन बसायचे. अकराव्या दिवशी साहेब आले. ह्यांनी ग्लास तोंडाला लावला, फोटो निघाला, ओढ्यावर पूल बांधून देण्याचं पत्र हातात पडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ह्यांच्या रिकाम्या पोटाला बरं म्हणून मी मीठ जरा जास्त घालून तांब्याभर सरबत केलं. गेल्या वर्षीचं पत्र कपाटातून काढून, कालच्या पत्राशेजारी ठेवून हे बसले होते. आमची थोरली लेक शाळेतून येताना ओढ्यात वाहून गेली, तेव्हाच्या उपोषणानंतर मिळालेलं.

“फक्त तारीख बदलली आहे,” हे म्हणाले. पुढ्यातला ग्लास त्यांनी माझ्याकडे सरकवला. “मला नको. काल एकदा प्यायलो, बास झालं.”

ओतून टाकवेना. धाकटी दप्तर घेऊन निघाली होती, तिच्या बाटलीत मी सरबत भरलं.

“पाणी गुडघ्याच्या वर असलं तर परत फिर गं.”

“ताईलाही तू हेच सांगायचीस,” ती म्हणाली आणि चपला हातात घेऊन ओढ्याकडे उतरली.