मोजणी बराबर

"तारामंडळ जेवणाच्या आधी ठेवलं तर म्हातारा जागा राहील," अंजू म्हणाली. "जेवणानंतर ठेवा. पोट भरलं, अंधार झाला, खुर्ची मागं झुकली, की संपलं."

ओमेशनं सहलीच्या नियोजनात साडेअकरा खोडून तिथं दोन लिहिलं.

नवरा-बायको दोघंही आमगावजवळच्या एका शाळेत शिक्षक होते. चोवीस वर्षांपूर्वी याच शाळेत ते सातवीच्या एकाच वर्गात बसायचे. सहल नागपूरच्या विज्ञान केंद्राची होती. आणि म्हातारा म्हणजे केशोराव सर, तेव्हाचे वर्गशिक्षक, आताचे मुख्याध्यापक, दोन महिन्यांत निवृत्त. ही त्यांची शेवटची सहल होती. म्हणजे ओमेशची शेवटची संधी.

त्या साली केशोराव सर ओमेशला विज्ञान केंद्रातच सोडून आले होते. चौकीदाराच्या डब्यातली पोळी खाऊन पोरगा तिथंच राहिला. दुसऱ्या दिवशी बाबूजी न्यायला गेले. सरांनी बाबूजींना एकच वाक्य ऐकवलं, "मोजणी बराबर भरली होती."

गावानं ओमेशचं नाव 'शिल्लक' ठेवलं. ते काही गेलं नाही. लग्नपत्रिकेत कंसात छापावं लागलं, नाहीतर लग्न कोणाचं आहे हेच लोकांना कळलं नसतं. आता पोरं त्याला 'शिल्लक सर' म्हणत, आणि तेही आदरानं.

"आरशांच्या खोलीत सोडलं तर?" ओमेशनं विचारलं.

"तिथं चारी बाजूनं मुख्याध्यापकच दिसतील त्याले. भिऊन ओरडंल. तुमी जिथं झोपले होते तिथंच झोपवा ना. शेवटच्या रांगेत, खांबाच्या मागं."

ओमेशनं ही कहाणी इतक्यांदा सांगितली होती, की बायकोला खांबसुद्धा पाठ झाला होता. बायको असावी तर अशी, असं त्याला वाटलं.

शाळेची रीत जुनी होती. गाडीत पोरं मोजायची मॉनिटरनं, मान हलवायची मास्तरांनी. मास्तरांना मात्र कोणी मोजत नसे. सगळा बेत याच रीतीवर उभा होता.

केशोराव सरांनी नियोजन न वाचताच सही केली. "वा गा ओमेश, मिनिटामिनिटाचं लिहून ठेवलंस. मंग मी काय करू?"

"तुमी फक्त बसा, सर."

सहलीच्या दिवशी एसटी पहाटेच निघाली. विज्ञान केंद्रात पोरांनी दिसेल ते बटण दाबलं. केशोराव सर चष्मा, पेन काढून खिळ्यांच्या पलंगावर आडवे झाले आणि म्हणाले, "घरच्या गादीपेक्षा बरा आहे." त्यांनी डोळे मिटले तसा ओमेशचा जीव खालीवर झाला. म्हातारा वेळेच्या आधीच झोपतो की काय!

दुपारी अंजूनं सरांसमोर वेगळा डबा उघडला. पुऱ्या, बटाट्याची भाजी, बासुंदी.

"आणखी घ्या ना, सर."

"बस कर, पोरी. फुटीन मी."

"एवढीच राहिली. वापस कायले नेऊ?"

सरांनी बासुंदीच्या चार वाट्या घेतल्या. दोन वाजता दिवे गेले, खुर्ची मागं झुकली. शनीचं कडं दिसायच्या आधीच खांबामागून घोरणं सुरू झालं. कार्यक्रम संपल्यावर ओमेशनं पोरांना पुढच्या दारानं बाहेर काढलं. चवड्यांवर, ओळीत. शिस्त पाहून तिथला माणूससुद्धा खूश झाला.

मॉनिटर सोनूनं गाडीत डोकी मोजली. "बेचाळीस, सर. बराबर." मग पुढची रिकामी सीट पाहून तिनं विचारलं, "अन् मोठे सर?"

"त्यायची पोरगी राहते इथं," अंजूनं पाणी पिता पिता सांगितलं. "तिच्याकडं गेले."

सरांना पोरगी नव्हती. ओमेशला बायकोच्या हजरजबाबीपणाचं भारी कौतुक वाटलं. त्यानं मान हलवली आणि गाडी निघाली.

भंडारा मागं पडलं तेव्हा फोन वाजला. ओमेशनं घसा साफ केला. या वाक्याची त्यानं आठवडाभर आंघोळ करताना तालीम केली होती.

"सर, मोजणी बराबर भरली होती."

पलीकडं केशोराव सर हसले. बासुंदीनं जड झालेलं, पण मनापासूनचं हसू.

"तवाचा राग आहे न? काढ बाबा. गाडी वापस आणू नको, पोरं उपाशी राहतील. मी रेल्वेनं येतो."

"चोवीस वर्षं लोक शिल्लक म्हणून राहिले मले, सर. तुमी एकदा नीट मोजलं असतं तर?"

"मी कुठं मोजलं गा? मॉनिटरनं मोजलं. मी तर म्हणलं, ओमेश दिसून नाही राहिला. तर म्हणे, सर, त्याचा मामा राहते नागपूरले, तो घेऊन गेला."

ओमेशच्या आईला भाऊच नव्हता.

"कोण मॉनिटर?"

"अंजू, आणखी कोण? बारा वर्षांची पोर. तुझ्या बाबूजीसमोर तिचं नाव कायले घ्यावं, म्हणून मी माझ्यावर घेतलं. तुमची लग्नपत्रिका आली तवा म्हणलं, चला, आपसात मिटलं." सरांनी जांभई दिली. "बासुंदी मस्त होती म्हणाव तिले."

ओमेशनं फोन खिशात ठेवला. शेजारी अंजू काचेला डोकं टेकून बाहेरची धानाची बांधी पाहत होती.

"काऊन केलं तवा?" त्यानं विचारलं.

अंजूनं मान वळवली नाही.

"जातानी मांगून मांगून थकली होती मी. तू खिडकी दिलीच नाही."