एका हाताचं हँडल

वडीगोद्रीचे सर्जेराव सत्तरीतही आपल्या जुन्या जीपचं हँडल एका हाताने फिरवायचे. दहा-वीस फेऱ्यांनी जीप चालू व्हायची. तोवर समोरच्या हॉटेलातली माणसं चहा सोडून बघत बसायची.

यंदा जीप चढावर थांबायला लागली, म्हणून मच्छिंद्र मिस्त्रीला बोलावलं. त्याने प्लग काढून भोकावर अंगठा दाबला आणि सर्जेरावांना हँडल फिरवायला लावलं. आतल्या हवेने अंगठा उडायला हवा होता, पण तो जागचा हलला नाही.

"आबा, सिलेंडरात कॉम्प्रेशनच, हवेचा दाबच न्हाई राह्यला. म्हणून तर हँडल एवढं हलकं फिरून राह्यलं. पिस्टनला नव्या रिंगा टाकल्या की जीप पळंल, पण हँडलला जवान गडी लागंल."

सर्जेरावांनी एकदा हॉटेलाकडे पाहिलं.

 

"मंग रिंगा ऱ्हाऊ दे. हॉर्न तेवढा बघ, बारीक वाजून राह्यला."