उतारावरचं न्यूट्रल

फोन येताच प्रभाकरराव घाटाखालच्या गॅरेजात धावले. गाडीला जळका वास येत होता. त्यांची लेक ऋजुता तान्ह्याला छातीशी धरून बसली होती. मायलेकरं थोडक्यात बचावली होती.

"ताई, घाट उतरताना गाडी न्यूट्रलला टाकली ना?" मेस्त्री म्हणाला. "सगळा भार ब्रेकवर आला, ते तापून लागेनासे झाले. कोणी शिकवलं हे?"

'उतारावर न्यूट्रल टाक, पेट्रोल वाचतं,' असं मागे लागून लागून प्रभाकररावांनीच तिला शिकवलं होतं. वर चारचौघांत मिरवलंही होतं.

"कोणी नाही, माझं मीच," ऋजुता त्यांच्याकडे न बघता म्हणाली.

"काका, तुम्ही तरी सांगा हो ताईंना."

"सांगतो," प्रभाकरराव म्हणाले.

तेव्हा मात्र ऋजुतानं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.