टेपचं टोक

टेपचं टोक दुमडलेलं होतं.

बर्फाच्या कारखान्यामागे पत्र्याची खोली होती. तिथे जनरेटरशेजारी उकिडवं बसून वीजखात्याचे तपासनीस तारांच्या सांध्याकडे बघत राहिले. काळी टेप गच्च आणि एकसारखी गुंडाळलेली. शेवटी मात्र नखाएवढं टोक दुमडून ठेवलं होतं, पुढेमागे कुणी सांधा सोडायला आला तर त्याला नख मारत बसावं लागू नये म्हणून. एवढी माया करणारा कारागीर त्यांनी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता. खात्यातली माणसं टेप तोडतात, अंगठ्याने दाबतात आणि चहाला जातात.

खात्यात त्यांना सगळे ‘टेस्टर’ म्हणत, कारण टोचून बघितल्याशिवाय त्यांचा कशावर विश्वास बसत नसे. त्यांची बायको म्हणायची, बरणीवर ‘मीठ’ असं लिहिलेलं असलं तरी हे आधी चाखून बघणार.

या वेळी मात्र संशयाला कारण होतं. आठवड्यापूर्वी त्यांचा जावई, लाइनवरच कामाला असलेला, समोरच्या खांबावर भाजला. लाइन बंद केलेली होती. तो तारेत उरलेली वीज जमिनीत सोडणारी अर्थिंगची साखळी अडकवायला वर चढला आणि नेमका तेव्हाच बर्फवाल्याने जनरेटर चालू केला. जनरेटर जोडताना बाहेरची तार तोडणारा स्विच मध्ये बसवावा लागतो. इथे कुणीतरी तो न बसवता थेट जोड मारला होता. कारखान्यातली वीज उलटी फिरून खांबावर गेली.

जावयाचे दोन्ही हात पोळले. उजव्या हाताची बोटं वाचतील की नाही, हे डॉक्टर अजून सांगत नव्हते. दवाखान्याच्या जिन्यात लेकीने टेस्टरांची बाही घट्ट धरली होती.

“बाबा, ज्याने हा जोड मारला त्याला सोडू नका. माझी शपथ आहे तुम्हाला.”

नात्यातलं प्रकरण म्हणून वरचे साहेब तपास द्यायला तयार नव्हते. टेस्टरांनी भांडून तो मागून घेतला.

आता बर्फवाला दारात उभा होता आणि त्याने मिठाची गुळणी धरली होती.

“जोड कुणी मारला?”

“जुनं काम आहे, साहेब. आता लक्षात नाही.”

“आमच्या खात्यातला आहे ना? इतका सफाईदार हात बाहेरच्याचा नसतो.”

बर्फवाल्याने आत येऊन दार लोटलं. मग हळूच म्हणाला, “नाव विचारू नका. तुम्हालाच जड जाईल.”

टेस्टरांच्या डोक्यात सणक गेली. ही सरळ धमकी होती. म्हणजे कुणीतरी वजनदार माणूस होता, वशिल्याचा. त्यांनी टेपचं ते टोक कापून कागदात गुंडाळलं आणि खिशात टाकलं.

दुपारी ते लाइनच्या गँगकडे गेले. त्यांना फाटकातून येताना बघून मुकादम बोलता बोलता थांबला. एकाने उगाचच पान्हा पुसायला घेतला, दुसरा पाणी प्यायला म्हणून गेला तो आलाच नाही. एरवी ‘या साहेब, बसा साहेब’ करणारी ही माणसं! इथे पाणी मुरतंय, हे कळायला टेस्टर असायची गरज नव्हती.

त्यांनी प्रत्येकाला तारेचे दोन तुकडे दिले आणि समोर बसवून जोड मारायला लावला. कुणी कुरकुर केली नाही, याचाही त्यांना संशय आला. पण सगळ्यांनी टेप तोडली आणि अंगठ्याने दाबली. टोक एकानेही दुमडलं नाही.

निघताना मुकादम फाटकापर्यंत मागे आला.

“साहेब, झालं ते झालं. पोरीच्या तोंडाकडे बघून तरी थांबा आता.”

“पोरीच्या तोंडाकडे बघूनच चाललंय हे,” टेस्टर म्हणाले.

तर अख्खी गँग एका माणसाला पाठीशी घालत होती. आपला सोबती दवाखान्यात पडलाय, त्याचं यांना काहीच नाही. त्यांना माणसांची किळस आली. तो माणूस सापडला की त्याची नोकरी तर जाणारच होती, पण तुरुंगाची हवा खायला लावल्याशिवाय ते गप्प बसणार नव्हते.

संध्याकाळी ते दवाखान्यात पोचले तेव्हा नर्स जावयाच्या हातांचं ड्रेसिंग बदलत होती. लेक उशाशी उभी राहून त्याला चमच्याने पाणी पाजत होती. टेस्टरांना बघून जावयाने नजर भिंतीकडे वळवली. दुखत असेल बिचाऱ्याला.

“गेला होतात का तिकडे?” लेकीने विचारलं.

“गेलो होतो. सगळे तोंड शिवून बसलेत.”

“जाऊ द्या ना, बाबा,” जावई भिंतीकडे बघतच म्हणाला. “शोधून काय होणार आहे? माझंच काहीतरी चुकलं असेल.”

टेस्टरांना भरून आलं. हाताची ही दशा झाली, तरी दुसऱ्याला बोल लावायला तयार नाही. असा जावई शोधूनही मिळाला नसता. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि लेकीला म्हणाले, “काळजी करू नकोस. लाखात एखादाच तसं करतो, अशी खूण सापडलीय मला. आता तो कुठे जातोय.”

नर्सने बँडेजचा शेवटचा वेढा घातला आणि चिकटपट्टी कापली.

“सिस्टर, पट्टीचं टोक जरा दुमडून ठेवा,” जावई म्हणाला. “उद्या सोडणाऱ्याला नख मारत बसायला नको.”

टेस्टरांचा हात त्याच्या खांद्यावर तसाच राहिला.

“कसली खूण, बाबा?” लेकीने विचारलं.