धावबा पुरस्कार

“मी आपला फार वेळ घेणार नाही,” असं म्हणून प्रमुख पाहुण्यांनी खरोखरच नवव्या मिनिटाला कागदाची घडी घातली, तेव्हा मंचावर बसलेली निलोफर दचकली. वैजू अजून लांब, खिंडीच्या वळणावरच दिसत होती.

धावबा हा लेण्यांच्या काळातला धावपटू. त्याच्या नावाचा तालुक्याचा पुरस्कार ज्याला जाहीर होतो, त्याने धावबाच्या शिळेपासून मंडपापर्यंत तीन किलोमीटर पळत यायचं, तेही पाहुण्यांचं भाषण संपायच्या आत. नाहीतर पुरस्कार दुसऱ्या क्रमांकाला, असा इथला रिवाज. यंदा पहिली आली होती गोळाफेकीतली वैजू. दुसरी निलोफर, तालुक्यातली सर्वांत वेगवान धावपटू.

“सर, तुम्ही कबड्डीचे कॅप्टन होता ना?” निलोफरने पटकन विचारलं. “ती फायनल सांगा ना!”

सरांचा चेहरा उजळला. त्यांनी माईक पुन्हा जवळ ओढला. “त्याचं असं झालं, टॉस आम्ही हरलो…”

सहा मिनिटांनी, सर अजून पहिल्याच चढाईत असताना, घामाघूम वैजू मंडपात शिरली आणि मंचाच्या पायरीवर मटकन बसली. टाळ्यांचा कडकडाट झाला.

संस्थेचे सचिव अण्णा निलोफरच्या कानाशी वाकले. “अगं येडे, गप्प बसली असतीस तर पुरस्कार तुझाच होता की!”

“आणि घरी काय सांगू, अण्णा? गोळेवालीला पळण्यात हरवलं म्हणून?”