जांभळ्या रेघा

आयुष्यात मी बऱ्याच थापा मारल्या, पण ही त्यातली नाही.

दोन हजार आठ साली मी नाशिक रोडच्या एका शाळेत शिपाई होतो. चौथीची मुलं इंटरनेटवर सगळी मिळून एकाच पानावर चित्र काढायची. आठ संगणक, प्रत्येकाचा रंग वेगळा. एकाने रेघ मारली की आठही पडद्यांवर दिसायची.

जांभळा रंग तृप्तीचा. तिने चित्रात खाडे सरांचं पोट जरा मोठं काढलं, म्हणून सरांनी तिला भर उन्हात अंगठे धरायला लावले.

"चहा पिऊन येतो. मी ऊठ म्हणेपर्यंत हलायचं नाही!"

सर गेले आणि विसरले. संध्याकाळी पोरीला मीच उचललं. ती परत शाळेत आली नाही.

पुढच्या सोमवारी तिचा संगणक बंद असताना पानावर जांभळ्या रेघा उमटू लागल्या. आधी मोठं पोट, मग वाकलेली पाठ, मग अंगठे धरलेले हात.

"कोण रे तो चावट?" सर ओरडले. मुलांनी घाबरून माउसवरचे हात वर केले. सरांनी चित्र पुसलं. ते पुन्हा आलं, आणखी वाकलेलं. तिसऱ्यांदा पुसता पुसता सर स्वतःच वाकले आणि त्यांचे हात अंगठ्यांना चिकटले.

"अरे, उठव मला!"

मी ओढून पाहिलं. मुलं रडकुंडीला येऊन म्हणाली, "उठा ना सर!" पण शिक्षा देणाऱ्यानेच उठवायचं, हा नियम सरांचाच.

मी पडद्यापुढे हात जोडले. "तृप्ती, बाळा, म्हण गं ऊठ."

आठही पडद्यांवर, बंद होता त्यावरसुद्धा, जांभळी अक्षरं उमटली.

"चहा पिऊन येते."