गाळलेलं शून्य

"मार्क नकोत, सर. चुकलं कुठे तेवढं सांगा," म्हणत बेकरीवाल्या ताईंनी पेपर टेबलावर ठेवला.

वर्ग नुकताच सुटला होता. पेपरावर लाल शाईत अडतीस. चाळीसच्या खाली ज्याचे मार्क, त्याचं नाव उद्या सकाळी यादीतून जाणार. पाच आठवड्यांचा उन्हाळी कोर्स, तिथे कुणाचे लाड करायला वेळ आहे! एकवीस वर्षांपूर्वी अर्धवट सुटलेल्या पदवीचा ताईंचा हा एकच विषय राहिला होता, डिफरन्शियल इक्वेशन्स. पहाटे बेकरीत पीठ मळायचं आणि नऊच्या ठोक्याला पहिल्या बाकावर हजर व्हायचं. बाकीची पोरं त्यांच्या मुलीच्या वयाची. आज तर कोपराला लागलेलं पीठ धुवायचंही राहून गेलं होतं.

सर कडक. त्यांच्यासमोर भल्याभल्यांची बोबडी वळायची. पेपर मदतनिसाने तपासले होते, पण नमुना उत्तरं सरांच्या हातची.

घोडं अडलं होतं सातव्या प्रश्नावर. एक गोष्ट जितकी असेल त्या मानाने वाढते, आणि जागा भरत आली की मंदावते. ती किती आहे त्याला वाय म्हणा, तिचं समीकरण सोडवा, सगळी उत्तरं द्या. अख्ख्या वर्गाने एकच सूत्र लिहिलं होतं. ताईंनीही तेच लिहिलं, पण खाली आणखी एक ओळ टाकली: 'किंवा वाय कायम शून्य.' त्या ओळीवर भलीमोठी फुली मारून दोन मार्क कापले होते.

"अहो, सोपं आहे," सर फळ्याकडे वळले. "आधी दोन्ही बाजूंना वायने भागायचं..."

"आणि वाय शून्य असला तर, सर?"

खडू थांबला.

"शून्याने भागायचं नाही, असं पहिल्याच दिवशी दटावलं होतंत तुम्ही." आता माघार कसली? "बेकरीत एकदा मी यीस्टच घालायला विसरले. मालक म्हणाले, थांब, फुगेल. पाच तास त्या पिठापुढे बसले होते, सर. ढिम्म हललं नाही! वाढ कितीही जोरात असू दे, मुळात काहीतरी असायला नको का?"

सर पाठमोरेच उभे राहिले. संपलं. उगाच शहाणपणा केला, गेलं आपलं नाव!

सरांनी फळ्याच्या कोपऱ्यात समीकरण पुन्हा लिहिलं आणि वायच्या जागी शून्य घातलं. डावीकडे शून्य, उजवीकडे शून्य. मग ते पुसून पुन्हा एकदा करून पाहिलं.

"तीस वर्षं हेच शिकवतोय," ते फळ्याकडे बघतच म्हणाले. "आणि घाईघाईत उत्तरं लिहिताना मीच हे गाळलं. आणा तो पेपर."

त्यांनी फुली खोडली आणि अडतीसचे चाळीस केले. "बाई, उद्या वेळेवर या," एवढंच बोलून ते डस्टर शोधू लागले.

दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डापुढे ही गर्दी. ताई चवड्यांवर उभ्या राहिल्या. यादीत अगदी शेवटी का होईना, त्यांचं नाव होतं.

पण पोरं यादी बघतच नव्हती. शेजारी सरांनी स्वतःच्या हस्ताक्षरातली नमुना उत्तरं लावली होती. सातव्या उत्तराभोवती लाल गोल, आणि बाजूला लिहिलेलं: 'एक उत्तर गाळलं, दोन मार्क वजा. विद्यार्थ्यांचे कापलेले नाहीत, चूक शिकवणाऱ्याची आहे.' आणि अगदी वर, जिथे पोरांच्या पेपरावर मार्क असतात तिथेच, लाल शाईत अठ्ठ्याण्णव.

"अगं बाई!" मागून एक मुलगी ओरडली. "सरांचे मार्क कापायची हिंमत कुणाची झाली?"

ताईंना एकदम भरून आलं.

"सरांचीच," त्या म्हणाल्या.